शेजारची खुर्ची

भुताला मी भीत नाही. उलट मला बघून भूतच वाट बदलतं. आता परवा न्हाणीघरात खुंटीवरचा टॉवेल हलला म्हणून मी बोंबलत रस्त्यावर आलो, ते सोडा. माझ्यापेक्षा शेजारीच जास्त घाबरले. टॉवेल खुंटीवरच राहिला होता ना!

हसू नका. ही गोष्ट आपल्या फोर्कलिफ्टवाल्याची. खोटी निघाली तर माझे उरलेसुरले दातही पडोत.

मागच्या महिन्यातला शेवटचा मंगळवार. गोदामात रात्रपाळी. खोक्यांच्या थप्प्या लावताना त्याच्या मोबाइलवर निरोप आला. वर ऑफिसात या, नव्या अटींवर सही करा. तास कमी, पगार कमी. नाहीतर उद्यापासून घरी बसा. हल्ली असा निरोप प्रत्येकाला वेगळा येतो, एकेकट्याला गाठून.

तुम्हा पोरांना ठाऊक नसेल, युनियन होती तेव्हा इथं एक रीत होती. साहेबानं वर बोलावलं की एकट्यानं जायचं नाही. एक जण सोबत जायचा. बोलायचा काही नाही, शेजारच्या खुर्चीवर नुसता धोंड्यासारखा बसायचा. तेवढ्यानंच साहेबाचा आवाज खाली यायचा. मग युनियन मोडली, कंत्राट आलं. आता ज्याचं त्यानं बघायचं.

दोन महिन्यांपूर्वी पॅकरतात्याला असंच बोलावलं होतं. तात्या म्हणजे खोक्यांना चिकटपट्टी लावणारा, याचा जिवाभावाचा दोस्त. म्हणाला, "चल रे, नुसता बस शेजारी." हा म्हणाला, "तू हो पुढं. गाडी रिकामी करून आलोच."

गेला नाही. तात्याचं काम गेलं. आठवड्याभरात तात्याही गेला. झोपेतच.

तर हा जिना चढला. एकटाच. दार ढकललं.

साहेबानं मान वर केली. "बसा." मग याच्या खांद्यामागं पाहिलं. "तुम्हीपण बसा."

हा बसला.

शेजारची खुर्ची करकरली.

त्यानं मान वळवली नाही. चिकटपट्टीचा वास आला… ओळखीचा…

"हे कोण? कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतं."

हा समोरच्या कागदाकडं बघत राहिला.

"अहो, मी विचारतोय…" साहेबाचा आवाज उतरला. "असे काय बघताय माझ्याकडं?"

साहेबाच्या कपाळावर घाम. कागद त्यानं स्वतःच मागं ओढला.

"राहू दे. जुन्याच अटी. जा… दोघंही जा."

जिन्यावर पाऊल एकाचंच वाजलं. खाली येऊन हा हळूच म्हणाला, "तात्या…"

वळून बघितलं तर जिना रिकामा.

सकाळी झाडूवाल्या मावशींना त्या खुर्चीच्या गादीत खळगा दिसला, माणूस बसल्याचा. थोपटला, गादी उलटीपालटी केली. भरेना. अजून तसाच आहे. जाऊन बघा, मी काही येत नाही.

घरी जाऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. डोळे पुसत म्हणाला, "मी गेलो नव्हतो गं. तरी तात्या आला."

"तो मेल्यावर आला," ती म्हणाली. "तुम्ही तर जिवंत होतात."