नगण्य

आक्काताई मगदूम गेली चाळीस वर्षं नऊवारी लुगडं नेसत होत्या. मंगळवारी सकाळी त्यांनी कमरेला गाठ मारली आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. पुढे काय करायचं, ते हातांना आठवेचना. शेवटी सून प्राजक्तानं मोबाइलवर बघत बघत त्यांना कसंबसं नेसवलं.

आदल्या दिवशी कारखान्यात त्यांना क्रमटोपी घातली होती. कानयंत्रं जोडायचं काम शिकायला एरवी दोन महिने लागत. टोपीनं ते एका जुन्या कामगाराच्या मेंदूतून अर्ध्या तासात त्यांच्या हातात उतरवलं होतं.

आक्काताईंनी तडक कारखान्याच्या डॉक्टर चिन्मयी पेंडसे यांना गाठलं. डॉक्टरांनी त्यांच्या हातात एक लुगडं दिलं.

"निऱ्या घाला." त्यांनी झरझर घातल्या.

"कासोटा खोचा." खोचला.

"आता सोडा, आणि मी न सांगता नेसा."

गाठीपाशी हात पुन्हा थांबले.

"हालचाली शाबूत आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "कशानंतर काय, हे मेंदूचा वेगळा भाग सांभाळतो. नवा क्रम तिथेच लिहिला गेला, त्यात जुना पुसला गेला."

"तुमास्नी हे आधी ठावं हुतं?"

डॉक्टरांनी कबूल केलं. टोपीच्या चाचणीत माकडांत हे दिसलं होतं. तीन कळा ठरावीक क्रमानं दाबायला शिकलेली माकडं टोपीनंतर ज्या कळेचा दिवा लागेल ती बरोबर दाबत. दिवे बंद केले की क्रम न आठवून बावरून बसत. अहवालात या नुकसानीला 'नगण्य' म्हटलं होतं. माकडाचं काय जातं, केळं मिळालं की झालं! त्याखाली सह्या करणारे सगळे शिकलेसवरलेले होते, आणि सगळे मूग गिळून बसले होते.

"परत येईल का ते?"

"दुसऱ्या बाईच्या मेंदूतून उतरवता येईल. पण तेव्हा आणखी काय पुसलं जाईल, सांगता येत नाही."

आक्काताई कडाडल्या, "बाईला दुसऱ्यानं लुगडं दोनदाच नेसवायचं असतंय, डाक्टर. एकदा बोहल्यावर चढताना आन् एकदा तिरडीवर. मी अजून जिती हाय!"

बाहेर टोपीसाठी चाळीसेक बायका रांगेत बसल्या होत्या. पहिलीचं नाव पुकारलं गेलं. आक्काताई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"बायांनो, आधी माझं ऐका. आज उठल्यापासनं तुमच्या हातांनी तुमास्नी न इचारता काय काय केलं? भाकरी थापली, लेकीची येणी घातली, लुगडं नेसलं. त्यातलं कुठलं ह्या टोपीला देऊन टाकताय?"