बहात्तर ठोके

आता मला सांगा, पहिल्याच भेटीत कुणी मुलीला विचारतं का, की तुम्ही कुठल्या गोळ्या घेता? हेरंबने विचारलं, आणि तिथेच सगळं नासलं.

परळच्या विमा ऑफिसात तो संशोधनासाठी आला होता. प्रयोगातून एका मुलीने ऐनवेळी अंग काढून घेतलं, लिफ्टपाशी तिथली ऑपरेटर प्राची दिसली, आणि त्याने तिलाच गळ घातली. छातीला पट्टा बांधायचा, रोजच्यासारखे कॉम्प्युटरवर क्लेम भरायचे. डोक्यावर ताण किती येतो ते हृदयाच्या ठोक्यांवरून कळणार. औषध चालू असेल तर मात्र आधी सांगायचं.

प्राचीचे हात थरथरायचे. त्यावर ती रोज सकाळी एक गोळी घ्यायची, आणि त्या गोळीने ठोकेही वाढत नसत. पण बाजूला रश्मी मॅडम कान टवकारून उभ्या होत्या आणि तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही, ते त्यांच्याच हातात होतं. हात थरथरणारी ऑपरेटर कोण ठेवून घेईल?

"गोळ्याबिळ्या काही नाही हो," ती म्हणाली.

तो फणसवाडीचा, तोलूनमापून बोलणारा. ती लालबागची, तोंडाने फटकळ. पंधरा दिवसांत 'अहो'चं 'अरे' झालं. पट्ट्याच्या तारा नीट करायला तो वाकला की चंदनाच्या साबणाचा वास यायचा आणि प्राचीला क्लेमचे नंबर दोनदा वाचावे लागायचे.

"काळीज आहे की दगड गं? बाकीच्यांचे ठोके शंभरावर जातात. तुझे बहात्तर."

"मालवणी रक्त आहे रे. घाबरवून बघ."

"घाबरवायचं नाहीये मला..."

मग काय करायचंय, ते त्याने सांगितलं नाही. तिने रात्रंदिवस तेवढाच विचार केला, वेडीने.

एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना त्याने विचारलंच. "प्राची, मी... मी तुला आवडतो का?"

तिचे कान तापले. शब्द जुळेपर्यंत त्याने स्क्रीनकडे पाहून घेतलं. बहात्तर.

"अगं, गंमत केली," तो घाईने म्हणाला.

आणि ही बाई मानीपणाने हसली. खरं सांगायचं तर गोळीचं सांगावं लागणार, आणि गोळीचं सांगितलं की नोकरी जाणार. उद्या बघू, असं म्हणत तिने तीन आठवडे घालवले.

प्रयोगाच्या शेवटच्या दिवशी तो पेढे घेऊन आला. रविवारी साखरपुडा झाला होता. मुलगी दादरची.

 नोकरी गेली खड्ड्यात, असं म्हणून प्राचीने सगळं सांगून टाकलं. गोळी, खोटं, ती दुपार. "मी हो म्हणणार होते रे."

हेरंबने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. म्हणाला, "मला वाटलं, तुझ्या मनात काहीच नाही. तोंडाने बोलायचंस ना."

"तू माझ्याकडे बघायचंस. तू स्क्रीनकडे बघत होतास."

"मी... घरी बोलून बघू का?"

किती गोड वाटलं तिला ते. आणि किती उशिरा आलं. "ती अंगठी घालून बसलीय तिकडे. तिने आपलं काय वाईट केलंय?" हे बोलताना प्राचीचा जीव तुटत होता, पण ती बोलली. त्याने मान खाली घातली. वाद घातला नाही, याचंच तिला जास्त लागलं.

"तुझे आकडे मला ठेवता येणार नाहीत," तो म्हणाला. "नियम आहे."

"मग काढ."

तीन महिन्यांची यादी त्याने उघडली. नक्की काढायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं. हेरंबचं बोट बटणावर नुसतंच टेकून राहिलं. शेवटी प्राचीनेच त्याचा हात बाजूला केला आणि बटण दाबलं. इतक्या दिवसांत त्याच्या हाताला तिने पहिल्यांदा हात लावला होता.

मग ती बाथरूममध्ये गेली आणि नळ मोठा सोडून पोटभर रडली. बाहेर आली तेव्हा तो निघून गेला होता.