तेवीस नंबरचा बिल्ला

पुढे सरका जरा, मागच्यांना ऐकू येत नाही. ही गोष्ट कुठली ऐकीव नाही. आपल्या समोरच्या दारातल्या दप्तरींवर बेतलेली आहे. त्यांच्या घरातलं बोलणं आपल्यापर्यंत कसं येतं ते विचारू नका. भिंती पातळ आहेत, एवढंच.

गेल्या वर्षीची अठरा डिसेंबरची रात्र. साडेदहाला दप्तरींनी मफलर गुंडाळला. ते विद्यापीठातच नोकरीला, त्यामुळे पंचाहत्तरीचा इतिहास लिहायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. पत्र्याची एक शेड आणि चाळीस मुलं, इथून सुरुवात. त्या सुतारकाम-लोहारकामाच्या शाळेचं डिप्लोमा कॉलेज झालं, मग डिग्रीचं, मग सरकारने विद्यापीठच करून टाकलं. आता एकतीस विभाग, चौदा हजार मुलं, आणि शेडच्या जागी दहा मजली इमारत येणार. पाडायचं मशीन सकाळी सहाला यायचं होतं, आणि बिल्ल्यांचा फळा काढून आणायचा राहून गेला होता.

"रात्रीच जायला हवं का? विद्यापीठ काय पळून चाललंय?" बायको म्हणाली.

"विद्यापीठ नाही, शेड चाललीय."

"जा बाबा. तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

मोबाइल चार्जिंगलाच राहिला.

त्या फळ्याची एक रीत होती. शेडच्या दाराबाहेर चाळीस खिळे, चाळीस पितळी बिल्ले, प्रत्येकावर नंबर. आत जाताना आपला बिल्ला काढून न्यायचा, बाहेर आल्यावर पुन्हा लावायचा. फळा भरला म्हणजे आत कोणी नाही. तरी मास्तर विचारायचे, "सगळे आले?" मगच कुलूप.

दप्तरीही तिथेच शिकलेले. नंबर बारा. एकोणचाळीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ. घरी जायची घाई. मित्राचा तेवीस नंबरचा बिल्ला कामाच्या टेबलावर दिसला. विसरून गेला असेल, असं धरून यांनीच तो परस्पर खिळ्याला लावला. मास्तरांनी विचारलं. हे म्हणाले, "आले, सर."

मित्र मागच्या भट्टीच्या खोलीत होता. सकाळी सापडला... धुरात घुसमटून गेलेला.

बिल्ला कोणी लावला, ते कोणालाच कळलं नाही. तेव्हापासून या माणसाला ना धड रडू आलं, ना हसू. लग्न, मुलं, बढती, सगळं हजेरी लावल्यासारखं. इतिहासात त्या वर्षापुढे त्यांनी लिहिलं होतं, "नवी यंत्रे आली." बस.

तर शेडपाशी पोचले. फळा भरलेला. त्याचे नट गंजलेले, पाना हवा, म्हणून कुलूप उघडून आत निघाले. हाताने सवयीने बारा नंबर काढला, खिशात टाकला.

आत अंधार. मागच्या खोलीत कोणीतरी लोखंडावर कानस घासत होतं. खर्र... खर्र...

दप्तरी थांबले. भीतीसुद्धा धड वाटेना.

दाराशी कोणीतरी विचारलं, "सगळे आले?"

हे दाराकडे वळले.

दार लागलं. कुलूप पडलं. मग बाहेर फळ्यावर...

टक्.

खिसा चाचपला. रिकामा.

सहाला मशीन. फळा भरलेला. म्हणजे आत कोणी नाही...

खर्र... खर्र... रात्रभर.

पहाटे कधीतरी ते अंधाराला म्हणाले, अगदी सपाट आवाजात, "तुझा बिल्ला मी लावला होता."

कानस थांबली.

सहाला मशीन घरघरलं. म्हाताऱ्या पहारेकऱ्याची नजर जुन्या खोडीने फळ्याकडे गेली. बारा नंबर जागेवर. तेवीसचा खिळा मोकळा.

"थांबवा! आत माणूस आहे!"

कुलूप तोडलं. दप्तरी टेबलाशी बसलेले. हातपाय गार... पण जिवंत.

त्या वर्षापुढे आता तीन ओळी आहेत. मित्राचं नाव आहे, यांचंही. निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभ झाला नाही. कोणी विषय काढला तर म्हणतात, "हं."

फळा आता कुलगुरूंच्या दालनाबाहेर काचेच्या बंद पेटीत आहे. तेवीसचा बिल्ला अख्खा ढिगारा चाळूनही मिळाला नाही. उद्या जाऊन बघा. एकोणचाळीस खिळे गंजलेत. तेवीसचा तेवढा लखलखीत आहे... रोज हात लागत असल्यासारखा.