डाव्या सीटचा पट्टा

"आबा गाडी चालवत नव्हते," वैष्णवी म्हणाली. "तरी पोलिसांच्या कागदावर धारूर घाटातल्या अपघाताचा दोष त्यांच्यावरच आहे. तो पुसायचाय मला."

तिचे वडील भागवत वीस वर्षं पुढारी विजयसिंहांचे ड्रायव्हर होते. पट्टा लावल्याशिवाय चावी फिरवत नसत. तेच समोरची काच फोडून बाहेर फेकले गेले होते.

परळीत खाजगी तपास करणाऱ्या सुनिताताईंनी सहकारी आप्पारावांसोबत ठाण्याच्या आवारात गाडी पाहिली. उजवा पट्टा बाहेर लोंबत होता, आत जाईना. डावा सीटमागून नेऊन खटक्यात अडकवलेला, वरून पांढरं कव्हर घट्ट शिवलेलं.

"असं कावून, ताई?"

"पट्टा नसला की गाडी टिंगटिंग वाजते, आप्पाराव. तिचं तोंड बंद केलंय."

तिथून वैष्णवीला घेऊन तिघं विजयसिंहांच्या घरी गेले. त्यांच्या आईनं, विमलबाईंनी, चहा दिला.

"भागवत चालवत होता. मी त्याच्या डावीकडं," विजयसिंह म्हणाले. "पट्ट्यानं वाचलो." गळ्याशी उघड्या शर्टातून उजव्या खांद्यावरचा काळानिळा वळ दिसत होता.

"डाव्या सीटचं कव्हर कुणी शिवलं?"

"मीच शिवून घेतलं," विमलबाई म्हणाल्या. "पट्ट्यानं कांजीच्या शर्टाची इस्त्री मोडती. पुढाऱ्यानं चुरगळून उतरावं का लोकात?"

"हे बराबर हाय," आप्पाराव म्हणाले.

"काय बरोबर आहे?" सुनिताताईंनी कप आदळला. "पट्टा एरवी सैल सरकतो. धक्का बसला की आतली फिरकी अडकते आणि माणसाचा भार छातीच्या, कमरेच्या हाडांवर पेलला जातो. त्याचाच वळ उठतो. डाव्या सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, साहेब. तुमचा वळ उजवीकडं! आणि अडकून बसलाय तोही उजवाच पट्टा. गाडी तुम्ही चालवत होता. भागवतला बसवलंत तिथं, जिथं पट्टा त्याच्या हाती लागणारच नव्हता. शर्टाच्या इस्त्रीसाठी!"

"अहो, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो आता?" विजयसिंह म्हणाले.

"मला पडतो," वैष्णवी म्हणाली.

विमलबाई उठून मुलाला म्हणाल्या, "चल ठाण्यात. निघताना चावी तुझ्याच हातात होती. मी बघितलंय."

वैष्णवीनं त्यांच्याकडं पाहिलं. "आमची चूल बंद होती तेव्हा तीन दिवस डबा घेऊन आलात, काकू. माझ्या आईजवळ बसलात. तेव्हा का नाही बोललात?"