गाडी सुरू का होते?

त्या सकाळी ती त्या गल्लीतून जाणारच नव्हती. नेहमीचा रस्ता पाइप टाकायला खणून ठेवलेला, म्हणून खांद्यावर हत्यारांची पिशवी अडकवून ती मागच्या गल्लीतून दुकानाकडे निघाली होती. भुरभुर पाऊस होता. आणि एका फाटकाच्या आत कुणीतरी गाडीचा सेल्फ मारत होतं. मारत होतं म्हणजे — मारतच होतं. थांबायचं नाव नाही.

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या माणसाला तो आवाज ऐकवत नाही. ती पुढे गेली, थांबली, स्वतःवरच चरफडली आणि मागे येऊन फाटक वाजवलं.

"अहो! थांबा! बॅटरीचा जीव घ्याल."

गाडीची काच खाली झाली. पांढरा कोट, कपाळावर ओले केस आणि चेहरा असा, की नुकताच निकाल लागलाय आणि घरी सांगायचं बाकी आहे.

"ती मेलीच असावी बहुतेक," तो म्हणाला.

"मेली असती तर इंजिन फिरलं नसतं. हे फिरतंय, पण पकडत नाहीये. पेट्रोल आहे का?"

"कालच भरलंय."

"मग किल्ली नुसती एक घर फिरवा. सेल्फ मारू नका. आणि जरा गप्प बसा."

सकाळी सकाळी आपल्याच अंगणात आपल्यालाच गप्प बसायला सांगणारी ही कोण, असं त्याला विचारता आलं असतं. पण तो गप्प बसला. तिनं मागचं दार उघडलं, मागच्या सीटवर कान टेकवला आणि डोळे मिटले.

"पेट्रोलच्या पंपाचा आवाज यायला हवा. हलकासा. आला?"

"मला फक्त पाऊस ऐकू आला."

"मलाही."

तिनं बॉनेट उघडलं. तो घाईघाईनं छत्री घेऊन आला आणि मोठ्या काळजीनं इंजिनावर धरून उभा राहिला.

"इंजिनाला सर्दी होत नाही," ती मान वर न करता म्हणाली. "मला होते."

त्यानं छत्री इतक्या लगबगीनं तिच्यावर आणली की छत्रीवरचं होतं नव्हतं ते पाणी तिच्या मानेवर ओतलं गेलं. ती दचकली... आणि हसली. तो मात्र हसला नाही. हसताना तिच्या डाव्या गालाला पडलेली खळी बघण्यात त्याचं हसायचं राहूनच गेलं.

फ्यूजच्या डबीत एक खाच रिकामी होती. जळलेले फ्यूज तिनं खूप पाहिले होते. पण फ्यूज जागेवरून उठून निघून गेलाय, हे नवीनच होतं. तिनं पिशवीतला एक पिवळा फ्यूज तिथे बसवला. मागच्या सीटखालून हलकासा आवाज आला, आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

"डॉक्टर आहात?" कोटाकडे बघत तिनं विचारलं.

"दातांचा."

"तरीच. हत्यार धरून उभ्या असलेल्या माणसासमोर तोंड उघडायला घाबरता."

त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि शेवटी तिचा फोन नंबर मागितला. गाडीसाठी, असं तो दोनदा म्हणाला.

चार-पाच दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडली. तीच खाच, तीच रिकामी. मग पुन्हा. दरवेळी ती यायची, फ्यूज बसवायची, आणि डॉक्टरांचे वडील पायरीवर चहा घेऊन यायचे. ते पूर्वी लांब पल्ल्याची टॅक्सी चालवायचे. आता डोळ्यांमुळे गाडी सुटली होती, पण गाडीचं बोलणं सुटलं नव्हतं. ती त्यांना काका म्हणायची. ते तिला 'टेस्टरवाली' म्हणायचे, कारण तिच्या खिशातून टेस्टरची लाल मूठ कायम डोकावत असायची.

"तुमच्या गाडीला माझी ओढ लागलेली दिसते," एकदा हात पुसता पुसता ती म्हणाली.

"गाडीला?" डॉक्टर म्हणाला, आणि अडखळला. "हो... गाडीलाच."

खणलेला रस्ता केव्हाच बुजला होता. ती मात्र मागच्या गल्लीतूनच जायची. तिकडून सावली असते, असं तिनं स्वतःला सांगून ठेवलं होतं. पावसाळी हवेत कसली सावली, हे विचारणारं तिच्यात कुणी नव्हतं.

त्यानंतर गाडी पुन्हा बंद पडली तेव्हा पेशंट खोळंबले म्हणून डॉक्टर पायीच निघून गेला होता. अंगणात एकटे काका होते.

"कोण गं तू?" त्यांनी विचारलं.

तिला वाटलं, चेष्टा करतायत. परवाच तर त्यांनी तिला पाना धरायची आपली पद्धत शिकवली होती. ती हसली. काका हसले नाहीत. मग तिच्या हातातला टेस्टर त्यांना दिसला, चेहरा उजळला, "हां, टेस्टरवाली!" असं म्हणून ते चहाची कपबशी ठेवायला वाकले, आणि सदऱ्याच्या खिशातून पायरीवर टपटप काहीतरी पडलं.

पिवळे फ्यूज. तिनंच बसवलेले, सगळेच्या सगळे.

ती बघत राहिली. काकाही बघत राहिले.

"मुक्कामाला गाडी उभी केली," ते हळूच म्हणाले, "की रोटर काढून घ्यायचा. छोटीशी वस्तू. पण ती काढली की गाडी कुणाच्या बापाला सुरू व्हायची नाही. चालकानं ती आपल्या खिशात ठेवायची, नाहीतर घरच्या माणसाच्या हातात द्यायची. तिसऱ्याकडे नाही. डॉक्टरची आई उशाखाली ठेवायची... ह्या गाडीला रोटरच नाही. म्हणून मग..."

"म्हणून फ्यूज."

"रोज काढतो का गं मी?"

तिची नजर पायरीवरच्या फ्यूजवरून फिरली. त्यांना उत्तर कळलं.

"सकाळी लावायचा विसरतो. म्हणजे — काढलाय हेच डोक्यात राहत नाही." त्यांनी फ्यूज एकेक करून उचलले. "त्याला सांगू नकोस. कळलं की तो दिवसभर माझ्याकडे पेशंटकडे बघतात तसा बघेल. अजून थोडे दिवस मला त्याचा बाप राहू दे."

तिनं शब्द दिला. आणि मग कामाला लागली. त्या खाचेला बगल देऊन तिनं वेगळी वायर ओढली, स्टिअरिंगखाली कुणाला दिसणार नाही अशा जागी नवा फ्यूज बसवला, आणि जुन्या खाचेत पुन्हा एक पिवळा फ्यूज ठेवून दिला. तो आता असला काय आणि नसला काय, गाडीला काही फरक पडणार नव्हता. काकांनी तो रोज संध्याकाळी खुशाल काढावा.

"एक वायर सैल होती," तिनं डॉक्टरला फोनवर सांगितलं. "आता त्रास नाही व्हायचा."

"अरे वा," डॉक्टर म्हणाला. त्या 'अरे वा'मध्ये आनंद शोधूनही सापडला नसता.

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याच हातानं आपण आपलं येणं-जाणं बंद करून टाकलंय. चांगलं काम करणाऱ्यांची हीच पंचाईत असते. एकदा नीट केलं की कुणी बोलवत नाही. काकांचा खिसा रिकामा करायचं काम मात्र तिनं सोडलं नाही. दुपारी डॉक्टर घरी येऊन जेवायला आत गेला, की जाता जाता फाटकाशी थांबायची, साठलेले फ्यूज मागून घ्यायची आणि एक खाचेत ठेवून द्यायची.

पण दिवस जात होते तसं तिला ते सोपं वाटेना. काका कधी तिला ओळखायचे, कधी नाही. एकदा त्यांनी पायात दोन वेगळ्या चपला घातल्या होत्या. हे त्याला कळायला नको? मुलगा आहे तो त्यांचा. सांगावं तर म्हाताऱ्याला दिलेला शब्द मोडतो. न सांगावं तर ज्या माणसाच्या फोनची आपण दिवसभर वाट बघतो, त्यालाच फसवतोय. तिला तो आवडत होता. चांगलाच आवडत होता. म्हणूनच हे खोटं तिला जड जात होतं. उद्या कळलं तर तो पुन्हा आपलं तोंड बघेल का, या विचारानं तिची दुकानात हातातली कामं चुकायला लागली.

आणि मग एका संध्याकाळी फोन आला.

"गाडी सुरू होत नाहीये."

तिला इतका आनंद झाला, की चौकापर्यंत पोचेस्तोवर तिच्या डोक्यात आलंच नाही — गाडी बंद पडायला आता कारणच उरलेलं नाही. काकांच्या फ्यूजमुळे तर नाहीच.

डॉक्टर अंगणात उभा होता. पाऊस थांबून गेला होता आणि पागोळ्या गळत होत्या. त्यानं न बोलता किल्ली तिच्या हातात दिली. ती बसली, एक घर किल्ली फिरवली. पंपाचा आवाज आला. तिनं सेल्फ मारला.

गाडी सुरू झाली.

"झाली की," ती म्हणाली.

"हो. रोज होते."

तिनं इंजिन बंद केलं.

"मागच्या आठवड्यात संध्याकाळी लवकर घरी आलो," डॉक्टर म्हणाला. "बाबांना फ्यूज काढताना पाहिलं. म्हटलं, सकाळी गाडी बंद असणार. सकाळी किल्ली फिरवली, तर सुरू! बॉनेट उघडून पाहिलं, खाच रिकामी. दुसऱ्या दिवशी तेच. इतके दिवस गाडी सुरू का होत नाही म्हणून डोकं खाजवत होतो, आता सुरू का होते म्हणून खाजवतोय. मला गाडीतलं काही कळत नाही. पण दाढ काढल्यावरही माणूस त्याच बाजूनं चावून खातोय म्हटल्यावर तिथे कुणीतरी दुसरी बसवलीय, एवढं कळतं."

ती गाडीतून उतरली. खोटं बोलायचं आता तिच्यात त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

"मी बसवली. काकांनी सांगू नकोस म्हटलं होतं. मी शब्द दिला..."

"मी मुलगा आहे त्यांचा."

"म्हणूनच त्यांना तुम्हाला सांगायचं नव्हतं." तिनं किल्ली त्याच्या हातात परत दिली. "रागवा. तुमचा हक्क आहे. रोज वाटायचं, आज सांगावं... आणि रोज वाटायचं, सांगितलं की हे घर मला बंद."

त्यानं गाडीचं उघडं दार लावून टाकलं.

"रागवायचंच ठरवून बोलावलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती," तो म्हणाला. "पण फ्यूज खिशात टाकून बाबा पायरीवर बसतात ना, तेव्हाचा त्यांचा चेहरा पाहिला मी काल. दिवसभरातलं एक काम त्यांनी चोख केलेलं असतं. मला आधी कळलं असतं तर मी बॉनेटला कुलूप लावलं असतं. ते काम त्यांच्याकडून काढूनच घेतलं असतं. तू नाही घेतलंस... तू गाडी बदललीस, त्यांना नाही."

'तुम्ही'चं 'तू' झालेलं तिला ऐकू आलं. त्याला आलं नसावं.

"त्यांना चांगल्या डॉक्टरांना दाखवायला हवं," ती म्हणाली.

"उद्याच दाखवतो. डोळे तपासायला म्हणून नेईन. मला कळलंय हे त्यांना एवढ्यात कळू द्यायचं नाही. आणखी थोडे दिवस त्यांना..."

"बाप राहू दे," तिनं वाक्य पुरं केलं.

त्यानं मान हलवली. मग किल्ली उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

"आता माझी अडचण सांगू? गाडी सुरू होते, ही माझी अडचण आहे. तुला बोलवायला कारणच उरलं नाही."

"आज खोटं बोललात की."

"एकदा जमलं. रोज नाही जमायचं." तो तिच्याकडे सरळ बघत म्हणाला, "तू मला फार आवडतेस. त्यामुळे... कारणाशिवायच येत जाशील?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात दार वाजलं. काका बाहेर आले. संध्याकाळची त्यांची वेळ झाली होती. दोघांकडे लक्ष न देता ते गाडीपाशी गेले, बॉनेट उघडलं, डोळे बारीक करून नेमका पिवळा फ्यूज उपटला आणि बॉनेट बेतानं बंद केलं. मग वळले. तिच्याकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही कोण रे?"

टेस्टर आज तिच्या पिशवीत होता. तिनं तो काढून दाखवला नाही.

काका तिच्याकडे बघत राहिले. फ्यूज सदऱ्याच्या खिशाकडे नेलेला त्यांचा हात मधेच थांबला. मग ते पुढे आले, तिचा तळवा उघडला, फ्यूज त्यात ठेवला आणि तिची बोटं एकेक करून त्यावर मिटली.

"जपून ठेव," ते म्हणाले. "सकाळी मागेन."

नाव त्यांना आठवलं नव्हतं. आठवण्याची त्यांना गरजही वाटलेली दिसली नाही.

"हो, बाबा," ती म्हणाली.

डॉक्टरनं चमकून तिच्याकडे पाहिलं. काका पायरीवर जाऊन निवांत बसले होते. तिनं मूठ घट्ट मिटून छातीशी धरली. डोळे भरून आले होते, तरी गालाला खळी पडलीच.

"उद्या सकाळी यायला लागणार मला," ती म्हणाली.

"गाडी तर सुरू होईल," तो म्हणाला.

"होऊ दे की," ती म्हणाली. "चहा टाकून ठेव."