उलटी गिटार

"ताई!... हे काय चालवलंयस तू?"

दारात धाकटा उभा होता! इतक्या वर्षांनी! "रविवारी माझी गिटार न्यायला येतो, त्यानंतर आपला संबंध संपला," असा निरोप पाठवणारा तिचा भाऊ दोन दिवस आधीच दारात येऊन ठेपला होता, आणि ताईच्या मांडीवर त्याचीच इलेक्ट्रिक गिटार होती... तीसुद्धा उलटी!

उठावं, गिटार लपवावी की त्याला आधी पाणी द्यावं, ताईला काही म्हणता काही सुचेना. मशीनवर अर्धवट शिवलेला पडदा तसाच लोंबत होता, पायाशी छोटा अँप्लिफायर घरघरत होता. लोकांचे पडदे शिवून घट्टे पडलेल्या तिच्या बोटांवर आता तारांनी नवे फोड उठवले होते. आणि कशासाठी? तर तीन कॉर्डच्या एका साध्यासुध्या गाण्यासाठी, जे धाकटा सगळ्यात आधी शिकला होता! तो आला की ते त्याला वाजवून दाखवायचं, म्हणजे तरी तो थांबेल, बसेल, आपल्याशी बोलेल... एवढीच त्या वेड्या जिवाची आशा होती.

"थांबलीस कशाला? वाजव ना!" धाकट्याचा आवाज कापत होता. "थट्टाच करायचीय ना माझी? गिटार अशी उलटी धरतात?"

"थट्टा?" ताईने विचारलं.

"नाहीतर काय! माझं वाजवणं तुला कधी सोसलं गं? त्या दिवशी माझे मित्र ऐकायला बसले होते, आणि तू भिंतीतली वायरच उपटलीस! 'हा गोंगाट माझ्या घरात चालायचा नाही' म्हणालीस, सगळ्यांदेखत! त्याआधी रोज इथेच बसून वाजवायचो मी. एकदा तरी मशीनवरून मान वर केलीस?"

ताईने ओठ गच्च दाबले. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते आपल्याबरोबरच जाऊ दे, असं तिने केव्हाच मनाला बजावलं होतं.

"थट्टा नाही रे छोट्या," ती कशीबशी म्हणाली. "तू अशीच तर धरायचास ना? तू त्या स्टुलावर, मी इथे तुझ्यासमोर. गिटारचा दांडा खिडकीकडे... बघ, तसाच धरलाय की मी!"

धाकट्याने स्टुलाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं... आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. समोरून जसं दिसलं, तसंच्या तसं उचललं होतं तिने! आरशात पाहून शिकावं तसं!

"म्हणजे... तू बघत होतीस?"

"न बघता का बोटं पाठ झाली? तूच मान खाली घालून बसायचास, तुला मी कुठली दिसणार!" ताई ओशाळली. "पण फार अवघड बाई हे वाद्य. जाड तार खाली येते, ती बटणं मनगटाला लागून आवाज मध्येच वाढतो. मला वाटलं, इलेक्ट्रिक गिटार म्हणजे अशीच असायची."

"मग वायर का उपटलीस, ताई?"

ताईने मान फिरवली. स्वयंपाकघराच्या दारातून आत्याच कडाडली, "ती कसली सांगतेय! तोंडाला कुलूप लावून बसलीय. अरे, माझ्या भावाने, तुझ्या बापाने, मागच्या खोलीत हातोडा उचलला होता! 'आता वाजली तर सगळ्यांसमोर फोडतो' म्हणत बाहेर निघाला होता तो!"

"आत्या, नको ना!..."

"का नको? तो गेला बिचारा, आता कुणाला भ्यायचं? त्याला गिटार फेकून दिली म्हणून सांगितलं हिने, आणि पडद्यांच्या गठ्ठ्यात लपवून ठेवली!"

बाबा? दवाखान्यात शेवटच्या दिवशी ज्यांनी धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवला, ते बाबा? आणि तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेल्या ताईकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं!

"का नाही सांगितलंस मला?" तो जवळजवळ ओरडलाच.

"आई तर आपल्याला नव्हतीच रे..." ताईचे डोळे भरून आले. "म्हटलं, बाप तरी राहू दे तुला. माझं काय, बहिणीवर रागावलेला माणूस कधीतरी परत येतोच..."

धाकट्याला पुढचं ऐकवेना. तो मटकन खाली बसला आणि ताईच्या गुडघ्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा हमसून हमसून रडू लागला.

मग तो उठला आणि त्याने तिच्या मांडीवरची गिटार उचलली. ताईचा हात नकळत गिटारमागे गेला.

"नेतोस?"

"कुठे नेऊ?" त्याने स्टूल ओढलं, ते तिच्या समोर न ठेवता अगदी शेजारी ठेवलं, गिटार सुलटी करून तिच्या मांडीवर दिली आणि फोड आलेलं एकेक बोट हळूच धरून तारेवर टेकवलं. "इथे दाब. आता हळू वाजव."

ताईने वाजवलं. अँप्लिफायर असा काही करकरला की आत्याने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अगं बाई! उलटी होती तेव्हा तरी बरं वाजत होतं गं!"

ताईला खुदकन हसू आलं, आणि मग, धाकट्याने घर सोडलं त्या दिवशी जे रडू तिने गिळलं होतं, ते सगळं एकदम बाहेर आलं.