शेपूट असलेला अनंत

"वडील कशानं गेले?" राजनंदिनी शिर्के यांनी विचारलं.

"उपासमारीनं," प्राची मगदूम म्हणाली. "भरल्या घरात. दाखल्यावर वार्धक्य लिहिलंय."

साताऱ्याच्या पोवई नाक्याजवळच्या त्या लहानशा कचेरीत नाथाजी साळुंखे चहा ढवळत होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यापासून ते राजनंदिनीबाईंना खासगी तपासाच्या कामात मदत करत. त्यांचा चमचा थांबला.

प्राची पाचगणीच्या एका शाळेत भूगोल शिकवत होती. रडून झालेल्या माणसाचा कोरडेपणा तिच्या आवाजात होता.

"मला एका माणसाविरुद्ध पुरावा हवाय. जयराज बिरादार, बाबांचा शेवटचा विद्यार्थी. तो खांदा द्यायला आला होता. मी सगळ्यांदेखत म्हटलं, 'तू मारलंस त्यांना, हात लावू नकोस.' तो तिरडीपासून मागे सरला. तेव्हापासून सांगलीत त्याला कुणी दारात उभं करत नाही. मी म्हटलं ते खरं होतं, एवढं सिद्ध करून द्या."

"आणि खरं नसलं तर?"

प्राचीनं खिडकीबाहेर पाहिलं. "तर तेही सांगा."

प्राध्यापक अजितकुमार मगदूम सांगलीच्या एका महाविद्यालयात गणित शिकवत. दर शनिवारी त्यांच्या दिवाणखान्यात फळ्यासमोर चार-सहा माणसं जमत आणि एकाच प्रश्नाच्या मागे लागत: एखाद्या संख्येचे तुकडे किती रीतींनी पडतात? गावात चेष्टेनं त्या बैठकीला 'सांगली घराणं' म्हणत. या मोजणीचं मुख्य सूत्र प्राध्यापकांनी शोधलं, पण त्याला कुठलंही ग्रीक अक्षर दिलं नाही. त्याचं नाव ठेवलं ळ.

"बाबा म्हणायचे, हे अक्षर जगात फार थोड्यांकडे आहे, आधी कुणी वापरलेलं नसणार," प्राची म्हणाली.

काचबिंदूनं दृष्टी गेल्यावर त्यांनी आयुष्यभराचं काम जयराजला तोंडी सांगून लिहून घेतलं. लेख पोलंडमधल्या एका जर्नलला गेला. मग नकार आला.

"त्या दिवशी बाबांचा फोन आला. आधी हसत होते. म्हणाले, 'प्राची, तिकडच्या परीक्षकाला आपला ळ म्हणजे अनंताचं चिन्ह वाटलं. लिहितो, हा शेपूट असलेला अनंत कोण? वाचून दाखवताना इंग्रजी वाक्याच्या मधोमध ळ काय ठसठशीत वाजला गं.' मग आवाज उतरला. पत्रात होतं, टंकलेखनात चिन्हांचा घोळ केलाय, आणि घोळ बाजूला ठेवला तरी सिद्धता मुळातच चूक आहे. फेरविचाराची विनंती गेली. पुन्हा नकार. प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा झोंबणारं. शेवटच्यात लिहिलं होतं, 'आपल्या वयाचा मान राखून सुचवतो, आता थांबावं.' बाबांनी शनिवारची बैठक बंद केली. मग जेवण."

"पत्रं त्यांना कोण वाचून दाखवायचं?"

"घरातलं कुणीतरी. मी पाचगणीत. कधी विचारलं नाही."

"तुमच्या जैन समाजात अन्नत्यागाचं व्रत आहे," राजनंदिनीबाई जपून म्हणाल्या.

"शोकसभेत बाबांचे जुने मित्र आप्पासोकाका तेच म्हणाले, मगदुमांनी सल्लेखना घेतली, धन्य झाले. पण बाबांनी मुनीमहाराजांना विचारलं तेव्हा महाराजांनी साफ नकार दिला होता. हताश होऊन ताट सारणं हे व्रत नव्हे, म्हणाले. बाबांनी तरीही सारलं."

*

जयराज साताऱ्यातच पोलीस भरतीच्या मुलांना अंकगणित शिकवत होता. मूळचा जतकडचा, अंगानं रोड, विचारल्याशिवाय न बोलणारा.

"गणिताचं बी घराणं असतंय व्हय?" नाथाजींनी सुरुवातीलाच विचारलं.

"असतं. गाण्याचं घराणं समोर बसून शिकावं लागतं. गणित जर्नलमध्ये छापून निघालं की कुठल्याही देशातला अनोळखी माणूस तुमचा शिष्य होऊ शकतो. त्याचे पुढे आणखी शिष्य. सरांना तेवढंच हवं होतं. कधीही न भेटलेला एक शिष्य."

"सरांनी तुम्हाला का तोडलं?" राजनंदिनीबाईंनी विचारलं.

"फोन आला. 'माझा ळ बिघडवलास. आता येऊ नकोस.' एवढंच."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? खरंच होतं ते."

नाथाजींनी बाईंकडे अर्थपूर्ण पाहिलं.

"लेख पाठवल्यावर जर्नलचं लगेच उत्तर आलं," जयराज सांगू लागला. "परीक्षकांकडे देण्याआधी हे अक्षर बदला, आमच्या छपाईत ते नाही. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी लेखच मागे घेतला असता. मी सगळीकडे ग्रीक लॅम्डा केला आणि पाठवून दिला. छापून आल्यावर पाय धरून सांगणार होतो. त्याआधीच त्यांना कळलं."

"कुणाकडून?"

"तेच समजत नाही. मी कुणापाशी बोललो नव्हतो."

"नंतर ते जर्नल कधी उघडलंत?"

"नाकारलेला लेख तिथं कशाला शोधू? त्या विषयाचं पानसुद्धा पुन्हा उघडलं नाही मी."

बाहेर रिक्षाची वाट बघताना नाथाजी म्हणाले, "म्याडम, गड्यानं कबूलच केलं की. अक्षर बदललं, म्हातारा खचला. झालं काम."

"माणूस कबूल करतो तो गुन्हा आणि आपण शोधतो तो गुन्हा, एकच असेल असं नाही, नाथाजी." त्या फोनवर भराभर काहीतरी लिहीत होत्या.

"कुणाला लिवताय?"

"पोलंडला. त्या जर्नलच्या संपादकबाईंना."

"त्यास्नी ळ येतोय का इचारताय?"

"अगदी तेच विचारतेय."

*

सांगलीत विश्रामबागेतल्या घरी प्राचीच्या वहिनीनं, प्रीतीनं, दार उघडलं. तिचा नवरा गोमटेश हळदीच्या पेठेत गेला होता.

"आधी चहा घ्या, मग विचारा," प्रीती म्हणाली. "लोक म्हणतात सुनेनं उपाशी मारलं. मी ताट घेऊन जवल बसायची. 'बाबा, एक घास,' म्हणायची. ते म्हणायचे, 'चूक ठरलेल्या माणसाला कशाला भरवतेस?' शेवटी पाणीही थोडंच."

"मेल तुम्ही वाचून दाखवत होतात?"

"मला वेल कुठे होता हो? यांचा हलदीचा व्यापार, मुलं, आला-गेला, सगलं मीच बघते. लेख पाठवून झाल्यावर मेल आप्पासोकाकाच वाचायचे. संध्याकाली यायचे, दार लोटून बसायचे दोघं."

"माहेर कुटलं म्हणायचं तुमचं?" नाथाजींनी विचारलं.

"इंदूरचं. सासूबाई होत्या तोवर हसायच्या माझ्या बोलण्याला. जीभ वलतच नाही, काय करू?"

आप्पासो खोत मागच्याच गल्लीत राहत. निवृत्त शिक्षक, मगदुमांचे तरुणपणापासूनचे मित्र. धोतर स्वच्छ, बोलणं मऊ.

"आवं, या की, बसा. मेल? न्हाई बाई. मी आपला वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. मेल सूनबाई बघायची. तिला दोष न्हाई. पत्रात जे आलं ते बिचारीनं वाचलं."

"आणि जयराज?"

"डोकं चांगलं, हात घाणेरडा. ळचा पार चिखल केला त्यानं. त्या लोकांस्नी तो अनंत वाटला म्हणे."

"शनिवारच्या बैठकीत तुम्ही सुरुवातीपासून होता?"

"त्या फळ्यावर पहिला खडू माझा." आप्पासोंनी पंच्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "पण घराणं म्हटलं की गवई एकच असतो. बाकीचे तंबोऱ्यावर."

"शोकसभेत तुम्ही सल्लेखना म्हणालात."

"मग काय म्हणायचं होतं? मेल्या माणसाला शोभेल असंच बोलावं."

रस्त्यावर येताच नाथाजी म्हणाले, "सून म्हणती म्हातारा वाचायचा. म्हातारा म्हणतो सून. दोघांतलं एक लय खोटं बोलतंय."

"हो. कोण, ते त्यांनी आपल्याला ऐकवलंय."

"मला तर न्हाई ऐकू आलं."

"आलं. तुम्ही माहेर विचारलंत ना, ते उगाच नाही विचारलंत."

*

पोलंडचं उत्तर आलं तेव्हा राजनंदिनीबाईंनी सगळ्यांना मगदुमांच्या दिवाणखान्यात बोलावलं. फळा भिंतीवर तसाच होता, पुसलेला. प्राची फळ्याशी बसली. गोमटेश आणि प्रीती सोफ्यावर, आप्पासो आरामखुर्चीत. जयराज उंबऱ्याबाहेर उभा राहिला. कुणी त्याला आत ये म्हटलं नाही.

"प्राचीताई, तुमच्या वडिलांना वाचून दाखवलेल्या पहिल्या नकारात कशाची तक्रार होती?"

"ळची. तो अनंतासारखा दिसतो म्हणून."

"दिसतो खरा. आडवा पडलेला आठ आणि खाली शेपूट. पण परीक्षकांनी तो पाहिलाच नव्हता. त्यांच्या हाती जाण्याआधी जयराजनी लेखात सगळीकडे लॅम्डा केला होता. जे चिन्ह त्यांच्यासमोर नव्हतंच, त्याला परीक्षक शेपूट असलेला अनंत कसा म्हणेल?"

गोमटेश वळून जयराजकडे बघू लागला.

"म्हणजे असं पत्र आलंच नव्हतं. ते इथं, या खोलीत, कुणीतरी तोंडानं तयार केलं. एका आंधळ्या माणसाला, पडद्यावर नसलेलं, वाचून दाखवलं. लेखात अजून ळच आहे असं समजणाऱ्या माणसानं. त्यामुळे जयराज बाद होतात. ळ काढून टाकलाय हे माहीत असलेले ते एकटेच होते. शिवाय स्वतःला हाकलून देणारं पत्र कोण रचेल?"

"पण तो म्हणाला की ळ मीच बिघडवला," गोमटेश म्हणाला.

"त्यांना वाटलं लॅम्डाचं बिंग फुटलं. सरांना वाटलं टंकलेखन बिघडलं. दोघं एकाच वाक्यानं दोन वेगळ्या गोष्टी बोलले आणि तुटले. पत्र रचणाऱ्याला तर तेच हवं होतं. लेखाची खबर ठेवणारा माणूस घरातून जायला हवा होता." त्या प्रीतीकडे वळल्या. "उरले दोघं, मेल वाचल्याचं एकमेकांवर ढकलणारे. प्रीतीताई, जरा म्हणा, वेळ."

प्रीती गोंधळली. "वेल."

"हळद."

"हलद. का हो?"

"मगदूम सरांनी फोनवर सांगितलं होतं, वाचताना ळ ठसठशीत वाजला. यांच्या तोंडून तो निघतच नाही. आप्पासो, तुमच्या तोंडून निघतो. माझ्यासमोर निघाला, चिखलासकट."

आप्पासोंनी चष्मा काढला. "म्हातारपणी वाचण्यात इकडचं तिकडं होतं, बाई."

"शेवटचं वाक्यसुद्धा इकडचं तिकडं झालं? आता थांबावं?" राजनंदिनीबाईंनी फोन पुढे धरला. "खरी पत्रंही ऐका. तुम्ही पुसून टाकलीत, पण संपादकबाईंकडे प्रती आहेत. पहिलं पत्र: लेख स्वीकारला, एकही दुरुस्ती नको. दुसरं: छापून प्रसिद्ध झाला. तिसरं: क्राकोमध्ये त्यावर अभ्यासवर्ग सुरू केलाय, प्राध्यापक मगदूम फोनवरून तरी बोलतील का? मग जर्नलमार्फत चिलीहून एका विद्यार्थिनीचं, मग हनोईहून एकीचं. ती लिहिते, मी स्वतःला तुमची शिष्या समजते, चालेल का? या प्रत्येक पत्राच्या बदल्यात तुम्ही त्यांना एक नकार वाचून दाखवलात."

प्रीतीनं पदर तोंडाला लावला. उंबऱ्यावर जयराज खाली बसला.

"ते जेवत नव्हते तेव्हासुद्धा?" प्राचीनं विचारलं. आवाज चढला नव्हता. "काका, हनोईचं पत्र त्याच दिवसांतलं आहे. ते तेवढं एक वाचलं असतंत तर ते जेवले असते."

आप्पासोंनी फळ्याकडे पाहिलं.

"पहिली पायरी माझी होती," ते म्हणाले. "तो तुकडे मोजत बसला होता, जोड्या लावायच्या हे मी दाखवलं. ह्याच फळ्यावर. नाव कुणाचं झालं? मी काही विष घातलं न्हाई. मी फक्त वाचत होतो. त्याला एकदा कळावं म्हटलं, नाव नसणं कसं असतं."

"कुठलं कलम लागतंय म्याडम ह्याला?" नाथाजींनी हळूच विचारलं.

"वकील शोधतील एखादं. लागेलच असं नाही."

आप्पासोंच्या खांद्यांवरचा ताण जरा सैल झाला. प्राचीनं ते पाहिलं.

"जयराज," राजनंदिनीबाई म्हणाल्या, "लेखाचा शेवटचा परिच्छेद सरांनी सांगितलेला आठवतो?"

"आठवतो." जयराज उंबऱ्यावरून उठला. "सर म्हणाले होते, आप्पासोला आधी सांगू नकोस, छापून येऊ दे. 'या सिद्धतेतली पहिली आणि खरी अवघड पायरी माझे मित्र आप्पासो खोत यांची आहे. मी फक्त पुढे चालत गेलो. ती त्यांच्याच नावानं ओळखली जावी.'"

"ओळखली जाते," राजनंदिनीबाई म्हणाल्या. "संपादकबाई लिहितात, तिकडचे सगळे तिला 'खोत पायरी' म्हणतात. मूळ सूत्रापेक्षा तीच जास्त वापरली जाते."

आप्पासोंचा हात वर आला आणि हवेत राहिला. "दाखवा," ते म्हणाले. "कुठं छापलंय? मला बघू द्या."

प्राची उठली. राजनंदिनीबाईंच्या हातातला फोन तिनं घेतला आणि आप्पासोंना ओलांडून उंबऱ्यापर्यंत गेली.

"आत या, जयराज," ती म्हणाली. "मी तुम्हाला जे बोलले ते इथं, सगळ्यांदेखत मागे घेते. आता एक उत्तर लिहायचंय. बाबांची पत्रं तुम्हीच लिहायचात."

जयराज आत आला. फोन घेऊन त्यानं मेल खालपर्यंत वाचला.

"त्या विचारतायत, पुढच्या अंकात या घराण्याच्या इतिहासावर लेख आहे. आप्पासो खोत यांचा फोटो छापायचाय आणि त्यांची मुलाखत घ्यायचीय. ते हयात आहेत का?"

आरामखुर्ची करकरली. आप्पासो उठायचा प्रयत्न करत होते. "प्राची," ते म्हणाले. "पोरी, ऐक."

"लिहा," प्राची म्हणाली. "नाहीत."

"पर ते तर हितंच..." नाथाजी बोलू लागले. राजनंदिनीबाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

जयराजनं एकदा आप्पासोंकडे पाहिलं. मग लिहिलं आणि पाठवून दिलं.